निकष सैल झाले, पंप कोरडेच राहिले: व्हर्जिनियातल्या एका इंधन वितरकाचा मे महिना

पेट्रोलची टंचाई झाली की अमेरिकेत सरकार ठरलेले चार-पाच उपाय जाहीर करते. इंधनाच्या दर्जाचे निकष काही दिवसांसाठी शिथिल करणे हा त्यातला एक. बातमी वाचणाऱ्याला वाटते, आता माल वाढेल आणि भाव उतरतील. खरंच तसं होतं का, हे एका छोट्या वितरकाच्या एका आठवड्यातून पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

कंपनी व्हर्जिनिया राज्यातली आहे. तिचा पुरवठा सांभाळणाऱ्या बाई मराठी आहेत, त्यामुळे हे प्रकरण इतक्या तपशिलात ऐकायला मिळाले. कंपनीची आणि माणसांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. सार्वजनिक घटना, तारखा आणि सरकारी आदेश मात्र आहेत तसेच दिले आहेत.

पार्श्वभूमी: धंदा आणि भूगोल

रिफायनरी किंवा मोठ्या व्यापाऱ्याकडून टर्मिनलवर, म्हणजे इंधनाच्या साठवण-डेपोवर, माल उचलायचा आणि टँकरने पंपांवर पोचवायचा, असा हा धंदा. तिथे अशा वितरकाला ‘जॉबर’ म्हणतात. आपल्या गोष्टीतल्या जॉबरकडे तीसेक पंप होते. काही स्वतःचे, बाकीचे करारावरचे. निम्मे पंप रिचमंड आणि वॉशिंग्टनलगतच्या उपनगरी पट्ट्यात, निम्मे दक्षिणेकडच्या ग्रामीण काउंट्यांत. टँकर मोजकेच. एका टँकरमध्ये साधारण ८,५०० गॅलन माल बसतो, आणि गॅलन म्हणजे पावणेचार लिटर.

व्हर्जिनियात रिफायनरी नाही. यॉर्कटाउनची होती, ती २०१० मध्ये बंद पडली आणि तिथे फक्त साठवणीच्या टाक्या उरल्या. राज्यात पेट्रोल येते ते मुख्यतः कोलोनियल पाइपलाइनने. टेक्सासमधल्या ह्यूस्टनपासून न्यू जर्सीतल्या लिंडेनपर्यंत सुमारे ५,५०० मैलांचे हे जाळे रोज २५ लाख बॅरल इंधन वाहून नेते. पूर्व किनाऱ्यावर खपणाऱ्या इंधनाचा सुमारे ४५ टक्के हिस्सा हिच्यातून येतो. आतला माल तासाला तीन ते पाच मैल सरकतो, म्हणजे माणसाच्या चालण्याच्याच गतीने. दुसरी वाट प्लँटेशन पाइपलाइनची. ती लुईझियानातून निघून वॉशिंग्टनच्या उपनगरांपर्यंत येते, पण तिची क्षमता बरीच कमी आहे. तिसरी वाट समुद्राची: नॉरफोक आणि बाल्टिमोर ही बंदरे.

पार्श्वभूमी: निकष म्हणजे नेमके काय

पेट्रोल उन्हाळ्यात जास्त उडते. हवेत गेलेली ती वाफ, वाहनांच्या धुरातले नायट्रोजन ऑक्साइड आणि कडक ऊन यांतून जमिनीलगत ओझोन तयार होतो आणि दम्याच्या रुग्णांना तो सोसत नाही. म्हणून उन्हाळ्यात पेट्रोलच्या बाष्पदाबावर कायद्याने मर्यादा असते. हा दाब ‘आरव्हीपी’ या नावाने मोजतात आणि पीएसआय या एककात सांगतात. देशाच्या बहुतेक भागात ही मर्यादा ९ पीएसआय आहे, आणि दहा टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला आणखी एका पीएसआयची मुभा आहे. ज्या शहरी पट्ट्यांत हवा जास्त बिघडलेली, तिथे ‘रिफॉर्म्युलेटेड’ पेट्रोल विकावे लागते. २०२१ पासून नियम सुटसुटीत केल्यावर त्याची उन्हाळी ओळख एकाच आकड्यावर आली: कमाल ७.४ पीएसआय. आपल्या जॉबरचे उत्तरेकडचे पंप या पट्ट्यात मोडत, दक्षिणेकडचे साध्या पट्ट्यात.

पुढच्या हकिकतीसाठी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतील. एक, हा उन्हाळी निकष रिफायनऱ्या आणि टर्मिनलांना १ मेपासून लागू होतो, किरकोळ पंपांना १ जूनपासून, आणि १५ सप्टेंबरला संपतो. दोन, मर्यादा सैल झाली की रिफायनरीला पेट्रोलमध्ये जास्त ब्युटेन घालता येतो. ब्युटेन स्वस्त असतो, पण भलताच उडतो. ढोबळमानाने एक पीएसआय सैल केला तर शेकडा दोन भाग ब्युटेन जास्त मावतो. निकष सैल केल्याने माल ‘वाढतो’ असे जे म्हणतात, त्याचा रासायनिक अर्थ एवढाच.

काय घडले

शुक्रवार, ७ मे २०२१. कोलोनियल कंपनीच्या संगणकांवर खंडणीखोरांचा हल्ला झाला. पाइपलाइन चालवणारी यंत्रणाही त्यांच्या हाती लागू नये म्हणून कंपनीने सगळी पाइपलाइन थांबवली. शनिवार-रविवारी बाजार शांत होता. टर्मिनलच्या टाक्यांत माल होता, पंपांवर नेहमीची वर्दळ होती. रविवारी केंद्रीय वाहतूक खात्याने १७ राज्यांत आणि राजधानीत इंधन वाहणाऱ्या चालकांच्या कामाच्या तासांचे बंधन सैल केले.

सोमवारी चित्र पालटले. पाइपलाइन पूर्ववत व्हायला आठवडा सरेल, असे कंपनीने सांगितले आणि लोक गाड्या घेऊन निघाले. जॉर्जिया, फ्लोरिडा, दोन्ही कॅरोलिना आणि व्हर्जिनिया या पाच राज्यांत त्या दिवशी पेट्रोलची मागणी सुमारे ४० टक्क्यांनी उसळली, असे गॅसबडी या दर-नोंदणी सेवेने सांगितले. मंगळवारी व्हर्जिनियाचे गव्हर्नर राल्फ नॉर्थम यांनी आणीबाणी जाहीर केली. त्याच दिवशी केंद्रीय पर्यावरण संस्थेने (तिचे ईपीए हे नाव आता आपल्याकडेही ओळखीचे आहे) व्हर्जिनिया, मेरीलँड, पेनसिल्व्हेनिया आणि राजधानीतल्या रिफॉर्म्युलेटेड पट्ट्यांसाठी बाष्पदाबाची अट १८ मेपर्यंत उठवली. बुधवारी ती सवलत वाढून बारा राज्ये आणि राजधानी असा तिचा विस्तार झाला आणि मुदत ३१ मेपर्यंत गेली. त्याच संध्याकाळी पाचच्या सुमारास पाइपलाइन पुन्हा सुरू झाली. त्याच बुधवारी ग्राहक सुरक्षा आयोगाला लोकांना ताकीद द्यावी लागली की पेट्रोल प्लास्टिकच्या पिशव्यांत भरू नका. घबराट कुठवर गेली होती याची याहून चांगली नोंद दुसरी नसेल.

जॉबरपुढचा प्रश्न

सोमवारी दुपारपर्यंत रिचमंडच्या टर्मिनलवर ‘अलोकेशन’ लागू झाले. प्रत्येकाला त्याच्या आधीच्या महिन्यांतल्या उचलीच्या प्रमाणात हिस्सा, त्याहून एक गॅलनही जास्त नाही. मोठ्या तेल कंपन्यांच्या नावाने विकणाऱ्यांना हा हिस्सा तरी मिळत होता. बिननावाच्या, म्हणजे अनब्रँडेड खरेदीदारांना रॅकवरून, म्हणजे टर्मिनलवर टँकर भरतात त्या जागेवरून, सरळ परत पाठवत होते. आपल्या जॉबरचे दोन तृतीयांश पंप नाववाल्या करारावर होते, बाकीचे मोकळे. मोकळ्या पंपांना एरवी गॅलनमागे काही सेंट स्वस्त माल मिळतो. टंचाईत त्या स्वस्ताईची किंमत मोजावी लागते.

मंगळवारी सवलतीची बातमी आली तेव्हा मालकांचा फोन आला. त्यांचा प्रश्न सरळ होता: “म्हणजे आता आपल्याला जास्त माल मिळणार?” बाईंचे उत्तरही तितकेच सरळ होते: “माल तेवढाच आहे. कुठला माल कुठे ओतायचा, एवढंच बंधन गेलंय.”

पुढचे चार दिवस या दोन वाक्यांमधल्या फरकातच गेले.

कोणते पर्याय समोर होते

पहिला पर्याय सवलतीमुळेच उघडला होता. दक्षिणेकडच्या टर्मिनलांवरचे साधे, ९ पीएसआयवाले पेट्रोल आता उत्तरेकडच्या ७.४ वाल्या पट्ट्यातल्या पंपांत ओतता येणार होते. उत्तरेकडे गर्दी जास्त, विक्री जास्त, आणि मालकांचा कल साहजिकच तिकडे.

दुसरा पर्याय बाल्टिमोर किंवा नॉरफोकहून बंदरावरचा माल आणण्याचा. तिथे माल होता, पण एका फेरीत टँकर आणि चालक यांचा अख्खा दिवस खर्ची पडणार होता. चालकांच्या तासांची सवलत इथे कामाची होती.

तिसरा, पंपांवर विक्रीची मर्यादा घालायची: एका गाडीला ठराविक डॉलरचेच पेट्रोल.

चौथा, भाव चढवायचे. व्हर्जिनियात आणीबाणी जाहीर झाली की अवाजवी दर लावण्याविरुद्धचा राज्याचा कायदा लागू होतो, आणि पेट्रोल त्यात येते. रॅकचा दर वाढला तितका पुढे ढकलायला हरकत नव्हती, पण त्यापलीकडे गेले तर प्रकरण राज्याच्या महाधिवक्त्यांपर्यंत जाणार.

पाचवा पर्याय कोणी मोठ्याने बोलले नाही, पण तोही होताच: काही पंप सरळ बंद ठेवायचे आणि मिळेल तो माल उरलेल्यांना द्यायचा.

निर्णयाचा पहिला टप्पा: शनिवार-रविवार

बाईंनी शनिवारी सकाळी रॅकवरचा माल जास्त उचलण्याचा प्रस्ताव ठेवला. मालकांनी तो रविवारपर्यंत थांबवला, कारण पाइपलाइन दोन दिवसांत सुरू झाली तर चढ्या भावाचा माल टाक्यांत पडून राहील, ही भीती. ती भीती चुकीची नव्हती. पाइपलाइन आधीही थांबल्या आहेत आणि लवकर सुरूही झाल्या आहेत. शिवाय पंपाच्या भूमिगत टाकीत जागा असेल तेवढेच उचलता येते. तरीही त्या दोन दिवसांत दोन-तीन ग्रामीण पंपांच्या टाक्या निम्म्या रिकाम्या होत्या आणि त्या भरून ठेवणे बिनधोक होते.

मला विचाराल तर संपूर्ण प्रकरणातला सर्वांत महाग पडलेला निर्णय हाच. सरकारी सवलत येण्याच्या तीन दिवस आधीचा, आणि तिच्याशी काडीचाही संबंध नसलेला.

निर्णयाचा दुसरा टप्पा: सवलत वापरायची की नाही

मंगळवारी संध्याकाळी बाईंनी सवलतीचा आदेश शब्दन् शब्द वाचला. मग फोनवर एकेका टर्मिनलची स्थिती विचारली. ग्रीन्सबरो ही उत्तर कॅरोलिनातली मोठी साठवण-जागा. कोलोनियलच्या दोन मुख्य वाहिन्या तिथे संपतात आणि पुढची वाहिनी तिथूनच निघते. ग्रीन्सबरो ते मेरीलँडमधल्या वुडबाइनपर्यंतची एक वाहिनी सोमवारपासून हाताने चालवत होते, पण तीही जवळ असलेला साठा संपेपर्यंतच. साधे पेट्रोल जिथे मिळण्याची शक्यता होती, त्या दक्षिणेकडच्या टर्मिनलांवरच सर्वांत जास्त ओढ होती. प्लँटेशन पाइपलाइन चालवणाऱ्या कंपनीने देखभालीची कामे पुढे ढकलून जादा माल घ्यायची तयारी दाखवली होती, पण तिचाही माल मिळत होता तो ठरलेल्या हिश्शाप्रमाणेच.

सवलतीने उत्तरेचे दार उघडले होते, पण त्यातून जायला दक्षिणेत मालच नव्हता. जो थोडा होता, तो उत्तरेकडे नेणे म्हणजे ग्रामीण पंप कोरडे करून शहरी पंप ओले ठेवणे. कंपनीच्या एकूण विक्रीत फरक पडला नसता. पडला असता तर तो एवढाच की दक्षिणेकडच्या एका काउंटीत, जिथे पुढचा पंप वीस मैलांवर, तिथल्या माणसाची गाडी उभी राहिली असती.

दुसरी अडचण तारखेची. हे सगळे मे महिन्यात घडत होते. पंपांना उन्हाळी निकष १ जूनपासून लागू होणार होता. जो पंप दिवसाला टाकी उपसतो, त्याच्या टाकीत आज ९ पीएसआयचे पेट्रोल ओतले तरी पुढच्या दोन-चार खेपांत ते निघून जाते. पण काही पंप मंद असतात. प्रीमियम पेट्रोलची टाकी तर कित्येकदा महिनाभर चालते. अशा टाकीत सवलतीचा माल टाकला आणि तो जूनपर्यंत उरला, तर नमुना कोणी तपासायला आला की कागदपत्रांची लढाई सुरू. बाईंनी यादी केली: कोणत्या पंपांच्या कोणत्या टाक्यांत सवलतीचे पेट्रोल जाऊ द्यायचे आणि कोणत्यांत मुळीच नाही. मंद टाक्या यादीतून बाहेर.

शेवटी सवलतीचा उपयोग झाला तो एका ठिकाणी. रिचमंडजवळच्या टर्मिनलवर एका पुरवठादाराकडे साध्या पट्ट्यासाठी ठेवलेला माल शिल्लक होता आणि रिफॉर्म्युलेटेड संपले होते. एरवी तो माल उत्तरेकडच्या पंपांना देता आला नसता. त्यातून दोन दिवसांत मोजक्या खेपा मिळाल्या. कंपनीच्या रोजच्या उचलीच्या मानाने हा हिस्सा लहान होता, पण त्याने तीन-चार पंप एक दिवस जास्त चालले. सवलत अगदीच निरुपयोगी होती, असे म्हणणे म्हणूनच बरोबर होणार नाही.

निर्णयाचा तिसरा टप्पा: भाव आणि रांगा

बुधवारी अमेरिकेतला सरासरी पेट्रोल दर गॅलनला तीन डॉलरच्या वर गेला, २०१४ नंतर पहिल्यांदाच. बातम्यांत हा आकडा गाजला. पण आठवडाभरातली एकूण वाढ दहा सेंटच्या आतली होती, आणि तीही आधीपासून चढत्या असलेल्या दरावर. टंचाई भावात दिसलीच नाही, दिसली ती ‘नो गॅस’ असे कागद चिकटवलेल्या पंपांवर. उत्तर कॅरोलिनात जवळपास ७० टक्के पंप कोरडे पडले होते, व्हर्जिनियात निम्म्याच्या आसपास.

असे का, याचे उत्तर आकडेमोडीत आहे. पंपाच्या टाकीत साधारण दोन-तीन दिवसांची विक्री साठवलेली असते. रस्त्यावरच्या गाड्यांच्या टाक्या एरवी सरासरी अर्ध्या भरलेल्या असतात. सगळ्यांनी एकाच दिवशी त्या काठोकाठ भरायच्या ठरवल्या तर पंपांवरचा साठा गाड्यांमध्ये सरकतो. देशात पेट्रोल कमी झालेले नसते, त्याची जागा बदललेली असते. बाष्पदाबाची मर्यादा ७.४ असो, ९ असो की ११, या सरकण्यावर तिचा परिणाम शून्य.

जॉबरने रॅकच्या दरातली वाढ तेवढी पुढे दिली आणि बुधवारपासून गाडीमागे वीस डॉलरची मर्यादा घातली. कॅन आणि ड्रम भरायला बंदी केली. मालकांना वाटत होते गिऱ्हाईक चिडेल. काही चिडलेही. पण रांगा आखूड झाल्या, कारण अर्धी टाकी भरलेल्या माणसाला वीस डॉलरसाठी पाऊण तास उभे राहणे परवडेना.

बाल्टिमोरच्या फेऱ्या गुरुवारपासून सुरू झाल्या. त्याच दिवशी कोलोनियलने सगळ्या बाजारपेठांत माल पोचू लागल्याचे सांगितले, शनिवारी १५ मे रोजी काम पूर्ववत झाल्याचे जाहीर केले. आपल्या जॉबरचे शेवटचे तीन पंप त्यानंतरही तीन-चार दिवस कोरडे होते, कारण टर्मिनलवर माल आला तरी टँकरच्या रांगा लागलेल्या होत्या.

निकाल काय लागला

कंपनीचे दहाएक पंप एक ते पाच दिवस बंद राहिले. त्यांतले बहुतेक बिननावाच्या करारावरचे होते. कोरडे पडलेले आणि चालू राहिलेले पंप शेजारी शेजारी मांडून बाईंनी नंतर पाहिले. कोणता पंप कोणत्या निकषाच्या पट्ट्यात आहे, याने फरक पडलेला दिसला नाही. फरक पडला तो करार कसला आहे, शनिवारी टाकी किती भरलेली होती आणि दुसऱ्या पाइपलाइनच्या किंवा बंदराच्या टर्मिनलपर्यंत टँकर एका पाळीत जाऊन येतो का, यांनी.

हीच गोष्ट राज्यांच्या पातळीवर पाहिली तर आणखी ठळक होते. उत्तर कॅरोलिनातल्या रॅली, ग्रीन्सबरो आणि शार्लट परिसरातली ७.८ पीएसआयची कडक उन्हाळी मर्यादा २०१४-१५ मध्येच कायमची ९ वर आणली गेली होती. अटलांटाचीही २०१९ मध्ये. म्हणजे निकष आधीपासूनच सैल असलेला प्रदेश या टंचाईत सर्वांत जास्त होरपळला, कारण त्याचा जवळजवळ सगळा माल एकाच नळीतून येत होता. उलट न्यू जर्सीत आणि फिलाडेल्फियाच्या परिसरात कडक निकषाचेच पेट्रोल विकले जाते, आणि तिथे पंप क्वचितच कोरडे पडले. त्यांना जवळ रिफायनऱ्या होत्या आणि बंदर होते.

तिकडे टेक्सास आणि लुईझियानातल्या रिफायनऱ्यांपुढे अगदी उलटा पेच होता. तयार पेट्रोल ठेवायचे कुठे? काहींनी साठवणीसाठी जहाजे भाड्याने घेतली. त्यांना ब्युटेन जास्त घालायची मुभा मिळून काय उपयोग होता? कोलोनियल रोज वाहते तेवढा माल रस्त्याने न्यायचा तर बारा हजारांवर टँकर भरावे लागतील. तेवढे टँकर नव्हते, तेवढे चालकही नव्हते. अडले होते ते वाहतुकीत.

आपल्याकडच्या वाचकांना जानेवारी २०२४ चे पहिले दोन दिवस आठवत असतील. नव्या न्याय संहितेतल्या अपघात-पलायनाच्या कलमाविरुद्ध टँकरचालकांनी चाके थांबवली. मनमाडजवळच्या पानेवाडीतल्या तेल कंपन्यांच्या डेपोंतून गाड्या निघेनात आणि नागपूरपासून पुण्यापर्यंत पंपांवर रांगा लागल्या. डेपोंच्या टाक्यांत पेट्रोल होते. त्या दिवशी कोणी बीएस-६ चा निकष शिथिल केला असता, तर एकाही दुचाकीत थेंबभर जास्त पेट्रोल पडले नसते.

मग ही सवलत कधी कामाची असते

रिफायनऱ्याच बंद पडल्या, तर हिशेब वेगळा होतो. ऑगस्ट २००५ च्या शेवटी कतरिना वादळाने मेक्सिकोच्या आखातालगतच्या रिफायनऱ्या आणि वाहिन्या दोन्ही ठप्प केल्या, तेव्हा ३१ ऑगस्टला देशभरासाठी बाष्पदाबाची अट उन्हाळी हंगाम संपेपर्यंत, म्हणजे १५ सप्टेंबरपर्यंत, उठवली गेली. त्याने उरलेल्या रिफायनऱ्यांना हिवाळी पेट्रोल दोन आठवडे लवकर बाजारात आणता आले. २०१७ च्या हार्वे वादळातही असेच झाले, जेव्हा देशाच्या शुद्धीकरण क्षमतेचा सुमारे चौथा हिस्सा बंद होता. अशा वेळी शेकडा दोन-तीन भाग जादा ब्युटेन म्हणजे खरोखरच जादा माल. तरीही कतरिनानंतर सरासरी दर गॅलनला तीन डॉलरच्या वर गेलाच. सवलतीने चढ थोडी कमी झाली असेल, थांबली नाही.

आणि कायद्याचीही अपेक्षा हीच आहे. २००५ च्या ऊर्जा कायद्याने स्वच्छ हवा कायद्यात जी दुरुस्ती केली, तिच्यानुसार ही सवलत एका वेळी जास्तीत जास्त वीस दिवसांची, आणि टंचाई शहाण्या नियोजनाने टाळता येण्यासारखी नसेल तरच. भाव चढले एवढे कारण त्यात पुरेसे नाही. राजकारणाला ते पुरेसे वाटते, ही वेगळी गोष्ट.

किमतीची बाजूही आहे. मे महिन्यात जादा वाफ हवेत गेली तर तिचा खर्च पंपावरच्या पाटीवर दिसत नाही. एका आठवड्याच्या सवलतीने वॉशिंग्टनची हवा मोजण्याइतकी बिघडली असेल असे मला वाटत नाही. दर उन्हाळ्यात तीच सवलत दिली, तर हे म्हणता येणार नाही.

वेगळे काय करता आले असते

बाईंनी नंतर मालकांपुढे जे मांडले, त्यात सरकारी सवलतीचा उल्लेख शेवटच्या पानावर होता. पहिल्या पानावर करार होते. मोकळ्या पंपांपैकी निम्म्यांसाठी वर्षभराचा ठरलेल्या हिश्शाचा करार घ्यावा, गॅलनमागे दोन सेंट जास्त गेले तरी. मालकांनी निम्म्याऐवजी एक तृतीयांश मान्य केले. बंदरावरच्या एका टर्मिनलवर खाते आणि चालकांची प्रवेशपत्रे आधीच काढून ठेवावीत, कारण त्या बुधवारी बाल्टिमोरला माल असूनही कागदपत्रांत एक दिवस गेला. हे लगेच झाले. टाक्यांची पातळी दूरवरून दाखवणारी यंत्रे ग्रामीण पंपांवर बसवावीत. ती बसवायला वर्ष लागले.

विक्रीची मर्यादा बुधवारऐवजी सोमवारीच घालायला हवी होती, यावर दोघांचे एकमत आहे. शनिवारी टाक्या भरायला हव्या होत्या की नव्हत्या, यावर नाही. मालक आजही म्हणतात की पाइपलाइन रविवारी सुरू झाली असती तर त्यांचाच निर्णय शहाणपणाचा ठरला असता. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण रिकाम्या टाकीची जोखीम आणि महाग मालाची जोखीम एकाच वजनाच्या नव्हत्या. दुसरी गॅलनमागे काही सेंटांची, पहिली पंप बंद पडण्याची.

सवलतीच्या पानावर तीन गोष्टी होत्या. आदेश आला की आधी टर्मिनलवर फोन, मग पंपांचा विचार. मंद टाक्यांची यादी तयार ठेवावी. आणि सवलतीचा माल कुठे गेला याची खेपनिहाय नोंद.

पुढच्याच वर्षी ही यादी पुन्हा काढावी लागली. एप्रिल २०२२ मध्ये, युक्रेन युद्धामुळे भाव चढलेले असताना, राष्ट्राध्यक्ष बायडन यांनी आयोवात जाहीर केले की पंधरा टक्के इथेनॉलचे पेट्रोल उन्हाळ्यातही विकायला बाष्पदाबाची सवलत दिली जाईल. गॅलनमागे दहा सेंट वाचतील, असे सांगितले गेले. देशातल्या सुमारे दीड लाख पंपांपैकी तेव्हा जेमतेम २,३०० पंप हे पेट्रोल विकत होते. शिवाय इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी असल्याने त्याचे मायलेज दहा टक्केवाल्यापेक्षा थोडे कमीच भरते. जूनच्या मध्यावर सरासरी दर पाच डॉलरच्या वर गेला.

मालकांनी पुन्हा फोन केला. या वेळी बाईंनी आधीच तपासले होते. त्यांच्या तीसेक पंपांपैकी बहुतेकांच्या जुन्या टाक्या आणि जोडण्या दहा टक्क्यांपुढच्या इथेनॉलसाठी प्रमाणित नव्हत्या. ज्या दोन पंपांना चालले असते, तिथे वेगळी टाकी हवी होती, आणि ती फक्त प्रीमियमची रिकामी करून मिळाली असती. प्रीमियमवर गॅलनमागे सुटणारा नफा त्यांनी मांडून दाखवला. मालकांनी तो विषय तिथेच सोडला.